गणिताचे मास्तर आणि वसतिगृहातलं गाणं

परतूर हे बहुतेकांना खिडकीतूनच माहीत असलेलं स्टेशन आहे. जालना मागे पडलं की थोड्या वेळानं येतं, गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, चार-दोन पिशव्या चढतात-उतरतात आणि सेलू, परभणी, नांदेडच्या दिशेनं सगळं पुढं सरकतं. याच गावात १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. महाराष्ट्र नावाचं राज्य नकाशावर यायला अजून तेवीस वर्षं होती आणि परतूर ज्या राज्यात होतं, त्याचा मालक सातवा निजाम मीर उस्मान अली खान होता.

आम्ही शाळेत दर १७ सप्टेंबरला झेंड्यासमोर उभे राहायचो. भाषण दरवर्षी एकच असायचं: निजाम, रझाकार, सरदार पटेल, पोलीस अॅक्शन, मुक्ती, लाडू. भाषण खोटं नव्हतं, पण त्यात एक मोठी गाळलेली जागा होती. लष्कर आलं ते १९४८च्या सप्टेंबरात. त्याआधीची दहा वर्षं हा लढा कुणी धरून ठेवला होता? आणि राजकारण करायला जिथं बंदी होती तिथं पुढारी तयार कसे होत होते? आज गावातला पोरगा पुढारी कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आधी वाढदिवसाचा बॅनर, मग मंडळ, मग कुणाच्या तरी गाडीमागं बसणं, मग ग्रामपंचायत. १९३७ साली यातलं काहीच नव्हतं. निवडणूक नव्हती, पक्ष नव्हता, आणि सभेलासुद्धा परवानगी लागायची.

त्या परवानगीचं नाव ‘गश्ती निशाण त्रेपन्न’. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. या परिपत्रकानुसार कुठलीही जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथं ‘अॅक्सेस डिनाइड’ असा निरोप आला की निदान कुठं अडलं ते तरी कळतं. इथं अर्ज करायचा, वाट पाहायची आणि उत्तर आलंच नाही तर सभा आपोआप मरायची. खासगी शाळा काढायलाही सरकारी मंजुरी लागे. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तर राज्याच्या मराठवाडा भागातल्या पाच जिल्ह्यांत बहुसंख्य लोक मराठी बोलत होते. आजच्या जालना जिल्ह्यातलं परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं; जालना, अंबड, भोकरदन हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. संपूर्ण हैदराबाद संस्थानात शंभरातल्या नव्वदांहून अधिक माणसांना लिहितावाचता येत नव्हतं.

राजकीय संस्था चालत नाही म्हणून लोकांनी भाषेच्या नावानं संस्था काढल्या. तेलुगू भागात आंध्र महासभा, कन्नड भागात कर्नाटक परिषद, मराठी भागात महाराष्ट्र परिषद. कागदावर उद्देश शैक्षणिक, सामाजिक, आर्थिक उन्नती. सरकारलाही माहीत होतं आणि भरवणाऱ्यांनाही माहीत होतं की शिक्षणाबद्दल मोठ्यानं बोलायला लागलं की शाळा कुणाच्या भाषेत, मग फी कुणाच्या खिशातून, मग करांचा पैसा कुठं जातो असं करत गाडी राजकारणावर येऊन थांबतेच. तरी परवानगी मिळाली. परतूरच का, याबद्दल माझा स्वतःचा अंदाज साधा आहे. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे या गावातून जाते. औरंगाबादचा, परभणीचा, नांदेडचा माणूस एकाच रुळावरून इथं येऊन दुसऱ्या दिवशी परत जाऊ शकत होता.

पुढच्याच वर्षी गोष्टी वेगानं घडल्या. त्या सांगण्याआधी दोन मास्तरांबद्दल सांगायला हवं.

पहिले व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेला हा तरुण १९२९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आला. मग संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाला. संन्यास घेऊनही मास्तरकी सुटली नाही, हे मला फार आवडतं. हिप्परग्यानंतर ते आपल्या सहकाऱ्यांसह अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले आणि भगव्या कपड्यांत पोरांना शिकवत राहिले.

दुसरे गोविंदभाई श्रॉफ. जन्म २४ जुलै १९११, तोही विजापूरचा. मराठवाड्याच्या चळवळीची दोन मोठी माणसं, आणि दोघांचाही जन्म निजामाच्या हद्दीबाहेरचा. गोविंदभाईंनी कलकत्ता विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केलं. कलकत्ता तेव्हा नुसतं विद्यापीठाचं गाव नव्हतं. डाव्या विचारांची, क्रांतिकारकांची, पत्रकांची आणि अटकांची राजधानी होती. तिथून हा मुलगा औरंगाबादला परतला आणि सरकारी शाळेत गणित शिकवू लागला. एम.एस्सी.ला किंमत होती, नोकरी पक्की होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘सेटल’ होण्याचं सगळं सामान हाताशी होतं.

मराठवाड्यात तरुणांचा पुढारी होण्याची वाट वर्गातून गेली, ती अशी. दुसरीकडून जायला जागाच नव्हती. मैदानावर सभा घेतली तर गश्ती आडवी येते, पण शाळेचा तास ही रोज भरणारी, हजेरी लागणारी, सरकारनंच परवानगी दिलेली सभा होती. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय, हैदराबादचं विवेक वर्धिनी, औरंगाबादचं सरस्वती भुवन, अंबाजोगाईचं योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही यादी शिक्षणसंस्थांची वाटते. पण हैदराबादच्या लढ्यातल्या कार्यकर्त्यांची यादी घेऊन बसलात तर तीच नावं ‘शिक्षण कुठं झालं’ या रकान्यात पुन्हा पुन्हा भेटतात. गणित शिकवणारा मास्तर राजकारणावर एक वाक्य न बोलताही पोरांच्या डोक्यात एक सवय पेरतो: ‘हे असं का, ते सिद्ध करून दाखव.’ ज्या राज्यात ‘हुजूरांची मर्जी’ हे शेवटचं उत्तर असतं, तिथं ही सवय स्फोटक असते.

आता १९३८. परतूरनंतर महाराष्ट्र परिषदेचं दुसरं अधिवेशन लातूरला भरलं. त्याच वर्षी तिन्ही भाषांतले कार्यकर्ते एकत्र येऊन हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायला निघाले. संस्था रीतसर स्थापन होण्याआधीच सप्टेंबरमध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली. जन्मायच्या आधीच मृत्यूचा दाखला. मग २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहाची पहिली तुकडी हैदराबादेत अटक करवून घ्यायला बाहेर पडली. तिचं नेतृत्व कुणाकडं होतं? गोविंदराव नानलांकडं. परतूरला परवानगी काढून, शिक्षण आणि समाजसुधारणेच्या नावाखाली अध्यक्षस्थानी बसलेला माणूस सव्वा वर्षात बंदी मोडून तुरुंगात गेला. तीन दिवसांनी दुसरी तुकडी घेऊन स्वामीजी निघाले. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

हे सगळे वयानं मोठे होते. पोरांची पाळी नोव्हेंबरात आली.

औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात हिंदू मुलं प्रार्थनेला जमत. त्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. कॉलेजनं मनाई केली. मुलांनी ऐकलं नाही, वर्गांवर बहिष्कार घातला. काही दिवसांतच हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतही तेच झालं, आणि तिथून ते संस्थानभरच्या कॉलेजांत पसरलं. सरकारचं उत्तर सरळ होतं. माफी मागा, नाहीतर नाव कमी.

मुलांनी माफी मागितली नाही. शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी झाली.

‘नाव कमी झालं’ हे आपण पटकन वाचून पुढं जातो, म्हणून इथं जरा थांबतो. संस्थानात विद्यापीठ एकच, उस्मानिया. संस्थानातली बाकी बहुतेक कॉलेजं त्याच्याच छत्राखाली. एका वसतिगृहातून काढलं म्हणजे जवळपास सगळ्या संस्थानातून काढलं. आज एका कॉलेजातून हाकललं तर दुसऱ्या जिल्ह्यात, खासगीत, डिस्टन्सनं, कुठं ना कुठं सोय लागते. तेव्हा मॅट्रिक होऊन कॉलेजपर्यंत पोचलेला मराठी मुलगा म्हणजे खेड्यातल्या अख्ख्या भावकीनं लावलेली पैज असायची. त्यातही हा मुलगा आईची भाषा बाजूला ठेवून उर्दूतून बीजगणित आणि इतिहास शिकून इथवर आलेला असायचा. त्या उर्दू पदवीची किंमत संस्थानातच होती, कारण नोकऱ्या संस्थानात होत्या. एका गाण्यापायी ते सगळं गेलं. घरच्यांना हे कसं सांगितलं असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. माझ्या घरी एक विषय राहिला तरी आठवडाभर सुतक असायचं.

मुलांना वाट सापडली ती संस्थानाबाहेर, नागपूरला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. तेव्हा ते सोपं नव्हतं. एका विद्यापीठानं बेशिस्तीसाठी काढलेला विद्यार्थी दुसऱ्यानं घेऊ नये, हा संकेत होता. केदारांनी तो मोडला नसता तर पुढच्या पिढीतली कितीतरी माणसं निम्म्या शिक्षणावर थांबली असती. नागपूरला गेलेल्यांत करीमनगरकडचा एक सतरा वर्षांचा मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. देशाच्या पंतप्रधानानं इतकं चांगलं मराठी कुठून शिकलं याचं लोकांना नवल वाटायचं. त्या उत्तराचा एक तुकडा या नाव कमी होण्यात आहे.

त्याच काळात गोविंदभाईंनी सरकारी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ चळवळीत उतरले. वय सत्तावीस. पुढारी मोठ्या भाषणानं जन्मतो अशी आपली समजूत असते. इथं एका मास्तराचे विद्यार्थी पदवी सोडून रस्त्यावर आले होते. शिष्य शाळेबाहेर आणि गुरू पगारावर, असं फार दिवस चाललं नसतं. त्यांनी काय ठरवलं ते गणित सोडवल्यासारखं वाटतं. उत्तर एकच निघतं, फक्त ते लिहायची हिंमत लागते.

गाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण ते टाळून ही गोष्ट सांगणं आता सोयीचं झालं आहे. ‘वंदे मातरम्’वरून तेव्हाही वाद होता. १९३७च्या ऑक्टोबरात काँग्रेस कार्यकारिणीनं मुस्लिमांचे आक्षेप लक्षात घेऊन राष्ट्रीय कार्यक्रमात पहिली दोनच कडवी गायची असं ठरवलं होतं. म्हणजे गाणं निष्पाप होतं आणि फक्त निजाम दुष्ट होता, इतकं ते सरळ नव्हतं. त्यात नेमका त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचा वेगळा सत्याग्रह संस्थानात सुरू होता. स्टेट काँग्रेसचा लढा जबाबदार राज्यपद्धतीसाठी होता, धर्मासाठी नव्हता. पण बाहेरून बघणाऱ्याला सगळे एकच दिसू लागले. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह थांबवला. त्यामागं ही सरमिसळ हे एक मोठं कारण होतं. तुरुंगात बसलेल्यांना आणि कॉलेज गमावलेल्यांना तो निर्णय गिळणं अवघड गेलं असणार. मला तो बरोबर वाटतो.

आणि उर्दूबद्दलही. उस्मानिया हे देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं आधुनिक भारतातलं पहिलं विद्यापीठ. वैद्यक, कायदा, विज्ञान सगळं उर्दूतून. आज मराठीतून इंजिनिअरिंगची घोषणा झाली की आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा लक्षात ठेवायला हवं की असा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी आपल्याच राज्यकर्त्यानं केला होता. फक्त ती भाषा आपली नव्हती. आणि उर्दूत लिहिणारे सगळे निजामाच्या बाजूचे होते असंही नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान संस्थानानं भारतात सामील व्हावं असं उघड लिहीत होता. २२ ऑगस्ट १९४८च्या रात्री हैदराबादेत त्याला गाठून मारलं, लिहिणारा हात तोडला. वय सत्तावीस. १७ सप्टेंबरच्या आमच्या भाषणात हे नाव कधीच आलं नाही.

१९४७-४८ची कहाणी बऱ्यापैकी सांगितली गेली आहे, म्हणून ती भरभर सांगतो. स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ मध्ये उठली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला गेला. विद्यार्थ्यांनी पुन्हा कॉलेजं सोडली, वकिलांनी कोर्टं सोडली. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. निजामानं भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावं जाळायला घेतली. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. दहा वर्षांपूर्वी वर्गात ‘सिद्ध करून दाखव’ ऐकलेली पिढी आता बंदुका साफ करत होती. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांनी नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली, वीस लाखांच्या वर रक्कम हाती आली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. लढा संपल्यावर त्या पैशाचा हिशोब दिला गेला. बँक लुटून हिशोब देणारी पोरं, हे वाक्य आज लिहितानाही विचित्र वाटतं.

सगळे मात्र कॉलेजातले नव्हते. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या शेतकरी घरातल्या बाईंनी कॅम्पात हत्यार चालवायचं शिक्षण घेतलं आणि रझाकारांशी दोन हात केले. जालन्यातला मामा चौक हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकरांच्या नावाचा आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘मामा चौक’ सांगितलं तरी तो नेतो. मामा कोण, असं विचारल्यावर मात्र बहुतेक जण आधी आपल्याकडं बघतात.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरलं. १५ तारखेला जालना सैन्याच्या ताब्यात आलं, १७ला निजाम शरण आला. आमची भाषणं इथं संपायची. पण नंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुस्लिमांची मोठी कत्तल झाली. केंद्र सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सगळ्यांत जास्त होरपळले. हा अहवाल लोकांपुढं यायला २०१३ साल उजाडावं लागलं. ‘मुक्ती’ हा शब्द मी वापरतो आणि वापरत राहीन. त्याच्या शेजारी हा आकडाही असू द्यावा.

मला खरं कुतूहल आहे ते यानंतरच्या गोविंदभाईंचं. लढा जिंकला होता, वय सदतीस, नाव झालेलं. आज असा माणूस काय करील, हे सांगायला नको. स्वामीजी १९५२ आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. गोविंदभाई मात्र काँग्रेसमधून बाहेर पडले आणि उरलेलं आयुष्य औरंगाबादेत, सत्तेबाहेर काढलं. सरस्वती भुवन शिक्षणसंस्था, खादी, मराठवाड्याचा विकास आणि अर्जविनंत्या. अर्जविनंत्या हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. रेल्वे, पाणी, सरकारी नोकऱ्यांतला वाटा, विकासाचा निधी यासाठी आकडे गोळा करायचे, तक्ते करायचे आणि मुंबईच्या सरकारपुढं पुन्हा पुन्हा ठेवायचे. तक्ते करण्यात गणिताचा मास्तर कधी मागं राहिला नाही. परतूरवरून जाणारी रेल्वे निजामानं मीटरगेज टाकली होती. ती ब्रॉडगेज व्हायला १९९०चं दशक उजाडलं. मनमाडला सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणं मागच्या पिढीच्या अंगवळणी पडलं होतं. ती सवय मोडावी म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली त्यांत गोविंदभाई पुढं होते.

१९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं ते विद्यार्थ्यांचंच. नोकऱ्यांत डावललं जातं, हा संताप त्याच्या मुळाशी होता. वसमतला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात विद्यार्थी गेले. पोरांना आपल्या बाजूनं उभा राहील असा वडीलधारा हवा होता आणि त्यांना त्रेसष्ट वर्षांचे गोविंदभाई मिळाले. वर्तुळ छान जुळून आल्यासारखं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. गोविंदभाईंवरचे बरेचसे गौरवलेख इथून उडी मारून थेट १९९२च्या पद्मविभूषणवर येतात.

मधली चार वर्षं पुढं गेलं की १९७८ येतं.

औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याच्याही आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज काढलं होतं, जे पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच तिथं बाबासाहेब येऊन उभे राहिले. मराठवाड्याच्या खेड्यांतली दलित मुलं याच नागसेनवनात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढली. त्यांच्यातूनच सत्तरच्या दशकात मागणी उठली की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. आणि मराठवाडा पेटला. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना जाळून मारलं. ठराव बाजूला पडला.

गोविंदभाई नामांतराच्या विरोधात होते. लढ्यातले त्यांचे सहकारी आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेरावही विरोधात होते. त्यांचा मुद्दा असा की ‘मराठवाडा’ या नावात या प्रदेशाची ओळख आणि त्याचा लढा आहे, ते पुसू नये. जाळपोळ करणारे आणि हे लोक एक नव्हते, हे स्पष्ट म्हणायला हवं. पण जाळणाऱ्यांना आपल्या बाजूला इतकी आदरणीय माणसं असल्याचा आधार मिळाला, हेही तितकंच स्पष्ट म्हणायला हवं.

मला यातलं दुखणारं टोक वेगळंच दिसतं. १९३८च्या वसतिगृहातल्या मुलांचं म्हणणं काय होतं? आम्ही इथं शिकतो, तर या भिंतींच्या आत आमचंही काहीतरी मोठ्यानं म्हटलं जाऊ द्या. १९७८ मधल्या मिलिंदच्या मुलांचं म्हणणं दुसरं काय होतं? पहिल्यांना उत्तर मिळालं, ‘संस्थेची शिस्त मोडते.’ दुसऱ्यांना मिळालं, ‘प्रदेशाची अस्मिता मोडते.’ आपल्या विद्यार्थ्यांसाठी पक्की नोकरी सोडलेल्या माणसाला चाळीस वर्षांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची गरज ऐकू आली नाही. तिथं त्यांची चूक झाली असं माझं मत आहे. त्यांच्याबद्दलचा आदर त्यामुळं संपत नाही, पण आदराचा आकार बदलतो. ‘युवकांचा नेता’ ही पदवी कुणालाही आयुष्यभरासाठी देता येत नाही, कारण युवक दर दहा वर्षांनी बदलतात आणि नेता तोच राहतो.

१९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नामांतरासाठी लाँग मार्च निघाला. कुठून? नागपूरहून. चाळीस वर्षांपूर्वी मराठवाड्यानं हाकललेल्या पोरांना ज्या शहरानं वर्गात बसवून घेतलं, त्याच शहरातून हजारो माणसं औरंगाबादच्या दिशेनं पायी निघाली. पोलिसांनी त्यांना खडकपूर्णा नदीवर अडवलं. सिंदखेडराजाच्या अलीकडची ही नदी. पुढचं मोठं गाव जालना.

आंदोलन आणखी पंधरा वर्षं चाललं. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे या तरुणानं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव बदललं, खरं म्हणजे वाढलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याच वर्षी, ३० एप्रिलला, गोविंदभाईंनी ज्याच्यासाठी इतकी वर्षं आकडेवारी मांडली ते मराठवाडा वैधानिक विकास मंडळही अस्तित्वात आलं. घटनेत त्याची तरतूद ३७१व्या कलमात १९५६ पासून होती. म्हणजे एक मागणी सोळा वर्षांनी मान्य झाली, दुसरी अडतीस वर्षांनी, आणि दोन्ही एकाच उन्हाळ्याच्या आगेमागे.

गोविंदभाई २१ नोव्हेंबर २००२ रोजी गेले. विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. लॉकडाऊन होता, फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. परतूरला अधिवेशन भरलं होतं त्याला आता नव्वद वर्षं होत आली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर सगळ्यांत वर विद्यापीठाचं नाव छापलंय, त्यात बाबासाहेबही आहेत आणि मराठवाडाही. पहिल्या नोकरीच्या वेळी पुण्यातल्या एका एचआरच्या बाईंना ते फॉर्मच्या रकान्यात बसत नव्हतं. म्हणाल्या, शॉर्टमध्ये काय लिहू? मी म्हटलं, पूर्ण लिहा. रकाना दोन वेळा वाढवावा लागला.